गळका कार्ब्युरेटर : परीक्षा आणि उपाय

आपल्या सभासद-कुटुंबांपैकी पुष्कळांच्या घरी अजून एखादी जुनी स्कूटर आहे. कोणाकडे ती वडिलांनी घेतलेली आहे, कोणाकडे आजोबांनी. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या बाजूच्या घरांत जिन्याखाली किंवा ओसरीच्या कडेला ती झाकून उभी असते. रविवारी पुसली जाते, कधी भाजीला तर कधी राजवाड्यापर्यंत जाऊन येते. या स्कूटरची एक तक्रार आमच्या कानांवर वारंवार येते. "खाली पेट्रोल टपकते," असे सांगतात आणि लगेच पुढे म्हणतात, "पण थोडेसेच टपकते, विशेष काही नाही." तक्रारीचा हा दुसरा भाग आम्हांस पहिल्यापेक्षा अधिक काळजीचा वाटतो. त्यासाठीच हा पाठ लिहिला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, गळती बंद करण्यापूर्वी ती कोठून आणि केव्हा होते हे शोधावे. तेवढे कळले म्हणजे बहुतेक वेळा उपाय स्वस्त निघतो. ते न शोधता सुटे भाग बदलत गेल्यास पैसा जातो, गळती तशीच राहते, आणि घरच्या माणसांस त्या वासाची सवय होते. ही सवयच खरी धोक्याची आहे.

स्कूटर आपल्याकडे कशी आली

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत स्वस्त वाहनाची गरज निर्माण झाली. पियाज्जो कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा बाजारात आणली. तिचा आराखडा कोर्रादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याने केला होता. इंजिन मागच्या चाकाशी, साखळी नाही, कपड्यांना तेल लागू नये म्हणून सर्व यंत्र पत्र्याखाली झाकलेले, अशी ती रचना होती. पुढच्याच वर्षी इन्नोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा आली. आपल्या देशात लॅम्ब्रेटा मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने बनविली, तर बजाजने परवाना घेऊन व्हेस्पा बनविण्यास आरंभ केला. तो परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून चेतक आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिलेले होते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्याच्या आठवणी आजही घरोघरी निघतात.

आपल्या माळव्याचाही या इतिहासात वाटा आहे. १९७२ मध्ये अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) लूना काढणाऱ्या फिरोदियांच्या उद्योगाने जपानच्या होंडाबरोबर १९८० नंतरच्या दशकात कायनेटिक होंडा ही स्कूटर काढली. तिचा कारखाना महूच्या पुढे पीथमपूरला होता. गियर नसलेली आणि बटण दाबताच सुरू होणारी ही गाडी इंदूरच्या कित्येक भगिनींनी त्या काळी चालविली आहे.

पुढे काळ बदलला. बजाजने २००९ मध्ये स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले. २०२० पासून चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या गाडीला मिळाले, आणि तिला कार्ब्युरेटर मुळीच नाही. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाल्यावर नव्या पेट्रोल स्कूटरांतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ गेला व इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. तेव्हा कार्ब्युरेटर जाणणारे मिस्त्री दिवसेंदिवस कमी होत जाणार. घरातील एखाद्याने तरी हे ज्ञान ठेवणे म्हणूनच इष्ट आहे.

कार्ब्युरेटरचे काम

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून इंजिनास देणारे साधन. त्याच्या आत एक लहान कप्पा असतो आणि त्यात पेट्रोल नेहमी एकाच पातळीवर राहावे लागते. हे कसे साधते ते समजण्यासाठी गच्चीवरील पाण्याच्या टाकीकडे पाहावे. टाकी भरत आली की तरंगता गोळा वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले की गोळा खाली येतो व नळ उघडतो. कार्ब्युरेटरात गोळ्याच्या जागी फ्लोट असतो आणि नळाच्या जागी टोकदार नीडल. मिस्त्री तिला फ्लोट पिन म्हणतात. नीडलचे टोक ज्या बारीक छिद्रात बसते त्यास आपण बैठक म्हणू.

चेतकमध्ये पेट्रोलची टाकी सीटखाली, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वर असते. पंप नाही, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. टाकीच्या तळाशी कॉक, कॉकपासून रबरी नळी, नळीच्या टोकाशी जोड, जोडाच्या आत बारीक जाळी, तेथून नीडल, आणि मग कप्पा, असा पेट्रोलचा मार्ग आहे. हा क्रम पाठ करून ठेवावा, कारण परीक्षाही याच क्रमाने करावयाची आहे.

कॉक उघडा राहिला आणि नीडल नीट बसली नाही, तर पेट्रोल रात्रभर उतरत राहते. दर दोन सेकंदांस एक थेंब पडतो असे समजू. दहा तासांत १८,००० थेंब होतात. थेंब लहान धरून एका मिलिलिटरला ४० थेंब मानले, तरी ४५० मिलिलिटर पेट्रोल झाले. "थोडेसेच टपकते" याचा सकाळपर्यंतचा हिशेब जवळजवळ अर्धा लिटर होतो.

हात लावण्यापूर्वी

पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही निघते. म्हणजे इंदूरच्या पौषातील थंडीतही पेट्रोल सुरक्षित नसते. मे महिन्याची गोष्ट तर वेगळीच. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साठून राहते. हवेत तिचे प्रमाण शेकडा दीड ते साडेसात इतके झाले की एक ठिणगी पुरते. जिन्याखालच्या कोंदट जागेत अर्धा लिटर पेट्रोल सांडले, तर ती सगळी जागा भरून जाईल एवढी वाफ होऊ शकते. त्याच घरात देवघरात समई तेवत असते आणि स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली असते, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून पुढील गोष्टी नियमाने पाळाव्यात.

१. गळती दिसताच प्रथम कॉक बंद करावा, मग विचार करावा.

२. गाडी ढकलत मोकळ्या हवेत न्यावी. इंजिन सुरू करू नये. वास दाट असेल तर तेथील विजेचे बटण चालू अथवा बंद करू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात.

३. तपासणी दिवसाउजेडी करावी. काडी, मेणबत्ती अथवा विडी-सिगारेट जवळ नको. इंजिन गरम असेल तर अर्धा तास निवू द्यावे.

४. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नये. ते फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतते. काढलेले पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. घरात मुले असतात.

५. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकल्यास पेटलेले पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. आग आवरण्यासारखी नसेल तर गाडीचा मोह सोडून माणसे बाहेर काढावीत व १०१ किंवा ११२ वर कळवावे.

कोऱ्या कागदाची परीक्षा

गाडीखाली एक मोठा कोरा कागद अंथरावा. त्यावर पडणारा डाग पुष्कळ गोष्टी सांगतो. पेट्रोलचा डाग लवकर वाळतो. दोन-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर तेल मिसळलेले असल्यामुळे मागे फिकट तेलकट वर्तुळ राहते. डाग वाळतच नसेल आणि चिकट असेल तर ते गियरचे तेल आहे. सायलेन्सरच्या जोडापाशी काळे, दाट ओघळ दिसले तर ते न जळलेले तेल होय. या दोहोंशी कार्ब्युरेटरचा संबंध नाही. निम्म्या लोकांची शंका या कागदानेच फिटेल.

डाग पेट्रोलचा ठरला, तर तो केव्हा पडतो हे पाहावे.

कॉक बंद असतानाही रात्रभर थेंब पडत राहिले, तर दोष टाकीत अथवा कॉकमध्ये आहे. कॉक उघडा आणि इंजिन बंद असताना थेंब पडू लागले, पण नळी व जोड कोरडे असले, तर नीडल बसत नाही असे समजावे. नळी किंवा जोड ओला दिसला तर दोष तेथेच. इंजिन चालू असतानाच थेंब पडत असतील तर हादऱ्याने उघडणारा जोड, सैल स्क्रू किंवा फाटलेले गॅस्केट यांपैकी काही असते. आणि पेट्रोल भरून आल्यावर थोडाच वेळ वास येत असेल, तर टाकी गळ्यापर्यंत भरली गेली आहे. सहा लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर सुमारे ११० मिलिलिटरने फुगते. पंपावर पहाटे काठोकाठ भरलेली टाकी दुपारी उन्हात उभी राहिली, की ते झाकणातून बाहेर येणारच. त्याचा उपाय टाकी थोडी रिकामी ठेवणे एवढाच आहे.

क्रमाने तपासणी

कॉक : नळी कार्ब्युरेटरकडील टोकाशी सोडवून ते टोक एका कोरड्या काचेच्या बाटलीत सोडावे. कॉक बंद ठेवून अर्धा तास थांबावे. बाटलीत एकही थेंब येता कामा नये. आला तर कॉकमधील रबर झिजले आहे, ते बदलावे. टाकीच्या सांध्यातून पाझर असेल, तर जुने लोक त्यावर कपड्याचा साबण चोळीत. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून ही युक्ती चालते. पण ती मिस्त्रीच्या दारापर्यंत जाण्यापुरतीच. टाकीला डाग देण्याचे काम घरी मुळीच करू नये. रिकामी टाकी वाफेने भरलेली असते आणि भरलेल्या टाकीहून अधिक घातक ठरते.

नळी : नळी दोन्ही टोकांशी वाकवून पाहावी. बारीक चिरा दिसल्या किंवा नळी ताठ झाली असली तर नवी घ्यावी. पेट्रोलसाठी बनविलेलीच नळी मागावी. पाण्याची पारदर्शक नळी स्वस्त मिळते, पण पेट्रोलने ती काही दिवसांत कडक होऊन निसटते. दोन्ही टोकांस क्लिप हवी. तार गुंडाळणे पुरेसे नाही.

जोड : कार्ब्युरेटरच्या झाकणावर जेथे नळीचा जोड बसतो, तेथे दोन्ही अंगांस फायबरचे वायसर असतात. जोड उघडला की हे वायसर बदलावेत. थेंब थांबत नाही म्हणून बोल्ट अधिकाधिक आवळण्याची चूक पुष्कळ होते. झाकणाचा धातू मऊ आहे. आटे गेले की दोन वायसरांच्या कामाला पूर्ण झाकणाची किंमत पडते. जोडाच्या आतील जाळी याच वेळी धुऊन घ्यावी.

नीडल आणि बैठक : बहुतेक गळत्यांचे मूळ येथे सापडते. चेतकमध्ये उजव्या बाजूचे पॅनेल काढले, पेटीचे झाकण व हवेचा फिल्टर काढला, की कार्ब्युरेटरचे झाकण दिसते. त्याचे दोन स्क्रू काढून ते सावकाश उचलावे. फ्लोट त्यालाच लटकलेला असतो. खाली पांढरे फडके अंथरून ठेवावे, कारण नीडल फार लहान असते आणि मातीत पडली की सापडत नाही.

प्रथम डोळ्यांनी पाहावे. बैठकीत काळ्या मातीचा कण, गंज किंवा रबराचा तुकडा अडकला असेल तर तो स्वच्छ पेट्रोल व मऊ ब्रशने निघतो. माळव्याच्या धुळीत हे नेहमीचेच आहे, आणि अशा वेळी खर्च शून्य येतो. बैठकीत किंवा जेटमध्ये तार घालू नये. छिद्र मोठे झाले की ते पुन्हा लहान होत नाही. मग नीडलचे टोक उजेडात फिरवून पाहावे. त्यावर गोल रेघ उमटली असेल तर नीडल झिजली आहे. ती घासून सरळ करण्याच्या भरीस न पडता नवी आणावी.

यानंतर फुंकरीची परीक्षा करावी. झाकण पुसून कोरडे करावे आणि उलटे धरावे, म्हणजे फ्लोटच्या वजनाने नीडल बैठकीत बसते. पेट्रोल येण्याच्या तोंडास स्वच्छ कोरडी नळी लावून हलके फुंकावे किंवा लहान पंपाने हवा द्यावी. हवा जाता कामा नये. झाकण सुलटे केल्यावर ती सहज गेली पाहिजे. नवी नीडल घालूनही उलट्या झाकणातून हवा गेली, तर बैठक खराब आहे असे ठरते. चेतकच्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरात बैठक झाकणातच बसविलेली असते, म्हणून तेव्हा झाकण बदलावे लागते.

फ्लोट : फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटला आहे. जड झाल्यामुळे वर येत नाही आणि नीडल दाबली जात नाही. शंका असल्यास तो शेगडीपासून दूर, बादलीतल्या कढत पाण्यात क्षणभर बुडवावा. बुडबुडे निघाले की दोष कळला. फुटका फ्लोट चिकटवून वजन वाढते, तेव्हा तो बदलणेच बरे.

गॅस्केट : शेवटी झाकणाचे गॅस्केट पाहावे व स्क्रू दोन्हीकडून थोडे थोडे, सारखे आवळावेत.

कायनेटिक होंडासारख्या गियर नसलेल्या गाड्यांत कार्ब्युरेटरची घडण निराळी असली, तरी फ्लोट आणि नीडल यांचे तत्त्व तेच आहे. नंतरच्या अशा पुष्कळ गाड्यांत हाताने बंद करण्याचा कॉक नसतो. इंजिनाच्या ओढीने तो आपोआप उघडतो. त्याचा आतील पडदा फाटल्यास ओढीच्या नळीतूनच पेट्रोल इंजिनात जाते. अशा गाडीत ती बारीक नळी काढून पाहावी. ती आतून ओली असेल तर कॉक बदलावा.

किक जड लागली तर

कधी कधी जमिनीवर थेंब दिसत नाही, पण सकाळी किक दगडासारखी लागते. सांडलेले पेट्रोल कार्ब्युरेटरच्या घशातून इंजिनात उतरलेले असते. अशा वेळी पायाचा जोर लावू नये. आतील भागांस इजा होते. कॉक व चावी बंद करून प्लग काढावा. प्लगची वायर छिद्रापासून दूर बांधून ठेवावी. प्लग तिला लावून जवळ ठेवल्यास ठिणगी पडून बाहेर येणारा फवारा पेटू शकतो. मग ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून आठ-दहा वेळा किक मारावी, प्लग पुसावा, आणि वाफ उडून जाईपर्यंत थांबावे.

या संदर्भात गाडी एका अंगावर तिरपी करून मग किक मारण्याची जुनी रीत आठवते. तिरपी केल्याने फ्लोट जागचा हलतो आणि चार थेंब जास्तीचे उतरतात. थंड इंजिनास ते उपयोगी पडतात. पण नीडल आधीच गळत असेल तर त्याच कृतीने इंजिन बुडते. रोज तिरपी केल्याखेरीज जी गाडी सुरू होत नाही, तिची तपासणी करण्याची वेळ आली असे समजावे.

हल्लीच्या पेट्रोलविषयी

आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट पूर्वी २०३० साठी होते. ते २०२५ मध्येच गाठले गेले. जुन्या स्कूटरांतील रबर या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा तडकते. म्हणून पूर्वी कधी न गळलेली गाडी आता गळू लागल्याचे आढळते. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि पावसाळ्यात उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरात पांढरट थर जमतो. नवी नळी, नीडल व रबर घेताना ते इथेनॉलला टिकणारे आहे काय, हे दुकानदारास अवश्य विचारावे. गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तर मोकळ्या जागेत कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे कप्पा रिकामा होतो.

शेवटची परीक्षा

दुरुस्तीनंतर कॉक उघडून गाडी मोकळ्या जागेत कोऱ्या कागदावर एक तास उभी ठेवावी. कागद कोरा राहिला म्हणजेच काम झाले. त्यानंतर एक चक्कर मारून यावी व कागद पुन्हा पाहावा. एवढे करूनही थेंब राहिला, तर गाडी ढकलत जाणत्या मिस्त्रीकडे न्यावी आणि आपण काय काय पाहिले ते त्यास सांगावे; त्याचे निम्मे काम त्यानेच होते.

घरातील मंडळींसाठी आमची एकच विनंती आहे. गाडी उभी केली की कॉक बंद करण्याची सवय लावून घ्यावी, आणि पेट्रोलचा वास आला तर तो लहान मुलाने सांगितला तरी हसण्यावारी नेऊ नये. घरात ज्या कोणास हौस असेल, मुलगा असो वा मुलगी, त्यास वडीलधाऱ्यांनी शेजारी बसवून एकदा तरी हे झाकण उघडून दाखवावे. वडिलांनी जपलेली गाडी पुढच्या पिढीकडे द्यावयाची, तर चावीबरोबर तिची एवढी ओळखही द्यावी.